अनिष्ट तफावत

गावच्या सोसायटीच्या संचालक मंडळात माझं नाव आलं ते २०२२च्या उन्हाळ्यात, आणि ते मला चपात्या लाटताना कळलं. महिला राखीवच्या दोन जागा भरायच्या होत्या. सासऱ्यांनी, मी त्यांना मामा म्हणते, ओट्यावर अर्ज ठेवला आणि म्हणाले, "इथं सही कर, बिनविरोध करायचंय." हात पदराला पुसून सही केली. कागदावर पीठ सांडलं होतं, ते फुंकलं. माझी निवडणूक एवढीच.

सोसायटी म्हटलं की पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना फ्लॅट आणि पार्किंगची भांडणं आठवतात. आमची सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, पीककर्जाची. मुंबईत राज्य सहकारी बँक, तिच्याखाली जिल्हा बँक, जिल्हा बँकेखाली गावोगावच्या सोसायट्या. पैसा वरून खाली येतो, वसुली खालून वर जाते. मधे आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आणि मागं एक गोदाम, ज्यात खत शेवटचं कधी उतरलं ते सांगणारा माणूसही आता राहिला नाही.

पहिलं वर्षभर माझं संचालकपण घरातच चाललं. सचिव भाऊसाहेब मोटारसायकलवर प्रोसिडिंग बुक घेऊन यायचे, मी सही करायची, ते चहा घ्यायचे. ठरावात काय लिहिलंय हे मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नेहमीचंच, वहिनी." खरंच नेहमीचंच असायचं. मागील सभेचे इतिवृत्त कायम, जमाखर्चास मंजुरी, आयत्या वेळचे विषय.

मग कॉम्प्युटर आला.

दिल्लीत जुलै २०२१ मध्ये सहकाराचं वेगळं मंत्रालय झालं आणि पुढच्या वर्षी, जून २०२२ मध्ये, देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांचा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर झाली. त्यातलं आमच्या वाट्याचं खोकं २०२३च्या पावसाळ्यात ऑफिसात आलं आणि दोन महिने खोकंच राहिलं. त्यावर कुणीतरी गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक ठेवलं होतं.

भाऊसाहेब गटसचिव. त्यांच्याकडं चार गावं, निवृत्तीला तीन वर्षं, पगार कधी चार-चार महिने थकलेला. अक्षर मोत्यासारखं. माऊस हातात धरला की तो निसटून जाईल अशा भीतीनं धरायचे. लग्नाआधी मी एका सीएच्या ऑफिसात तीन वर्षं टॅली केलं होतं, हे मामांनी चावडीवर सांगून ठेवलेलंच होतं. एक दिवस भाऊसाहेब चहा संपल्यावरही उठेनात. "वहिनी, जरा बसाल का माझ्याबरोबर? पोरं येतात कंपनीची, फटाफट बोलतात, मला कळत नाही."

असं मी ऑफिसात बसू लागले. रोज दुपारी बारा ते चार, धाकटीची शाळा सुटेपर्यंत.

काम ऐकायला सोपं होतं. ३१ मार्चची तारीख धरायची. त्या तारखेला प्रत्येक सभासदाचं नाव, आधार, शेअर्स, कर्जाची मुद्दल, व्याज, सगळं एक्सेलच्या तक्त्यात भरायचं. बेरीज ताळेबंदाशी जुळली की जुन्या वह्या बंद आणि सॉफ्टवेअर सुरू. कंपनीच्या पोरानं सांगितलं, "मॅडम, पंधरा दिवसांचं काम आहे." आम्हाला सात महिने लागले.

सुरुवात केली 'आय' नमुन्यापासून, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीपासून. आमची सोसायटी १९५६ची. पहिली वही जाड पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आत लाल शाईच्या रेघा. दहा-दहा रुपयांचे शेअर्स. पहिल्या पानावर अकरा अंगठे आणि चार सह्या, त्यातल्या दोन मोडीत. सातव्या नंबरला मामांच्या आजोबांचा अंगठा होता. मी मामांना बोलावून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डाव्या हाताचा दिसतोय. उजव्याचं पेर कडबा कापताना गेलं होतं."

नोंदवहीत एकूण क्रमांक ८११. राजीनामे आणि वर्ग झालेले ९७ वजा केले तर ७१४ उरतात. मी यादी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरले. ७१४ पैकी २६३ माणसं मेलेली होती.

कागदावर ती जिवंत होती. त्यांचे शेअर्स भांडवलात होते. काहींच्या नावावर कर्ज होतं, आणि काहींचं कर्ज मेल्यानंतर फिटून पुन्हा उचललेलंही होतं. २०१४ साली वारलेल्या एका सभासदाचं २०१७ला रीतसर नवं-जुनं झालेलं मला दिसलं. मी वही भाऊसाहेबांपुढं सरकवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सही पोराची आहे. शेत पोरगाच कसतो. पैसे त्यानंच भरले, त्यानंच उचलले. बुडवले का?"

"नाही, पण माणूस वारलाय."

"वारस लावायचा तर सातबारा पाहिजे. सातबाऱ्यावर चार भाऊ, तीन बहिणी. एक बहीण सुरतेला. तिची सही येईपर्यंत पेरणी थांबते का, वहिनी?"

तेव्हा मला राग आला होता. आता तो राग कुणावर धरावा हेच कळत नाही. गावातल्या निम्म्या जमिनी आजही आजोबांच्या, चुलत्यांच्या नावावर आहेत. सोसायटीनं नियम पाळायचा म्हटलं तर कसणारा माणूस कर्जाला मुकतो, आणि कर्ज द्यायचं म्हटलं तर मेलेल्याला उठवून बसवावं लागतं.

सभासद कसेबसे लावले आणि कर्जाकडं वळलो. सभासदांकडून येणं असलेली मुद्दल १,८६,४२,३१० रुपये. आम्ही जिल्हा बँकेला देणं लागत होतो १,९९,१७,८४०. मला वाटलं माझंच चुकलं. खतावणी पुन्हा उतरवली. तीन दिवस, ३१८ कर्जदार, एकेक खातं. उत्तर तेच. सगळ्या गावानं शेवटचा रुपया भरला तरी सोसायटी बँकेला १२,७५,५३० रुपये लागतच होती.

"हिला अनिष्ट तफावत म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले. सुनेची ओळख करून द्यावी तसं.

हा शब्द मला तेव्हापर्यंत माहीत नव्हता. सहकार खात्यात तो इतका रुळलेला आहे की त्यावर परिपत्रकं निघतात. अनिष्ट म्हटलं की मला पंचांगातला ग्रह आठवतो, पण ही तफावत माणसांनीच केलेली असते, वर्षानुवर्षं, थोडी थोडी. आमची कुठून आली ते शोधायला मी मागं मागं जात राहिले, आणि मला विचाराल तर त्या सात महिन्यांतलं खरं काम तेच होतं.

एक वाट व्याजाची. सभासदानं पैसे भरले की सोसायटी ते त्याच्या मुद्दलीला जमा धरायची, कारण समोर उभा असलेला माणूस म्हणतो, "माझं कर्ज कमी करा." तेच पैसे बँकेत गेले की बँक आधी आपलं व्याज वळतं करून घ्यायची. इथं मुद्दल फिटली, तिथं फिटली नाही. दरवर्षी थोडा थोडा फरक पडत गेला, कुणी जुळवलं नाही.

दुसरी वाट खर्चाची. सोसायटीला उत्पन्न काय, तर बँकेच्या आणि आमच्या व्याजदरातला टक्का-दोन टक्क्यांचा फरक. त्यात सचिवाचा पगार, वीजबिल, ऑडिट फी, छपाई, सभेचा चहा. कर्जवाटप घटलं की हे भागत नाही. मग वसुलीच्या पैशातून भागवलं जातं, आणि वसुलीचा पैसा तर बँकेचा.

तिसरी वाट गोदामातून जात होती. १९८०च्या आसपास सोसायटी खत विकायची. उधारीच्या वहीत सतरा नावं होती, सगळी ओळखीची. त्यातले सहा जण त्या वेळचे संचालक. एका नावापुढं माझ्या सासरचं आडनाव होतं. मी ते पान मामांना दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं, असं आता वाटतं.

हे सगळं कुणाला माहीत नव्हतं का? होतं. दरवर्षी ऑडिटर येत होता, दरवर्षी अहवालात लिहीत होता, "संस्थेत अनिष्ट तफावत असून संचालक मंडळाचे लक्ष वेधण्यात येते." दरवर्षी आम्ही दोष दुरुस्ती अहवालात लिहीत होतो, "नोंद घेतली असून पूर्तता करण्यात येत आहे." मी अकरा वर्षांचे अहवाल एकाखाली एक ठेवून पाहिले. वाक्य शब्दशः तेच, आकडा तेवढा फुगत गेलेला. आणि ऑडिट वर्ग, म्हणजे ऑडिटरनं सोसायटीला दिलेली श्रेणी, प्रत्येक वर्षी 'ब'.

मासिक सभेत मी विषय काढला. पहिल्यांदाच प्रोसिडिंग बुक घरी न येता मी बुकाकडं गेले होते, त्याचंच सगळ्यांना नवल. चेअरमन म्हणाले, "वहिनी, हे आपल्या काळातलं नाही. जुनं आहे. आपण कशाला उकरायचं?" एकानं विचारलं, "कॉम्प्युटरमधी बारा लाख लपवता येत न्हाईत का?" सगळे हसले. तो गंभीरपणे विचारत होता.

मधेच ३१ मार्च आला. त्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

महाराष्ट्रात २०२१पासून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर शून्य टक्क्यानं पडतं. व्याजाचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. अट एकच, मुदतीत भरायचं. आता मार्चअखेर कुणाच्या घरात लाख-सव्वा लाख रोकड असते? उसाचं बिल अडकलेलं, कांदा विकावा तर भाव पडलेला. म्हणून नवं-जुनं करायचं. कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे घ्यायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की ते उचलून त्याचे त्याला द्यायचे.

त्या कुणाची तरी गाडी जिल्हा बँकेच्या शाखेबाहेर लिंबाखाली उभी असते. मी त्या दिवशी भरणा स्लिपा तपासायला शाखेत होते. माणसं त्याच्या गाडीपाशी जायची आणि पिशवी घेऊन आत यायची. शेकड्याला दोन रुपये, आठवड्याचे. पुढच्या गल्लीतले भाऊजी एक लाख वीस हजार भरून बाहेर आले तेव्हा मी हिशोब केला, दोन हजार चारशे झाले. "भाऊजी, हे शून्य टक्क्याचं कर्ज ना?" ते हसले. "शून्य सरकारचं. दोन त्याचं."

१२ मे १८७५ला भीमथडीत सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यातून चौकशी आयोग आला, १८७९चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि सावकारावर इलाज म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा. पन्नास वर्षांनी, १९५४ मध्ये, ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. आमची सोसायटी त्या अहवालानंतरच्या लाटेतली. प्रवरेचा साखर कारखाना तेव्हा उभा राहिलेला होता, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावं घराघरांत होती, आणि आपल्या गावातही असं काही होईल असं त्या अकरा अंगठ्यांना वाटलं असणार. सावकार हटला का? गावातून हटला. शाखेबाहेर लिंबाखाली आला.

त्या वर्षी भाऊजींचं नवं कर्ज मंजूर व्हायला तेवीस दिवस लागले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पूर्ण सोसायटीची वसुली बँकेला कमी वाटली, म्हणून आमची सगळी प्रकरणं अडली. दोन हजार चारशेचे आठ हजारांच्या घरात गेले. थकबाकीदार मात्र निवांत होते. २०१७ला दीड लाखांपर्यंतचं माफ झालं, २०१९ला दोन लाखांपर्यंतचं. नियमित भरणाऱ्यांना पुढं पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं, ते हातात पडायला २०२२ची दिवाळी उजाडली. यातून गावानं काय शिकायचं ते शिकलं आहे. वसुलीला गेलं की लोक चहा देतात आणि विचारतात, "इलेक्शन कधी हाय?"

आणि इलेक्शनवरून आठवलं. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत प्रत्येक सोसायटीचं एक मत असतं, आणि ते कुणी द्यायचं याचा ठराव आम्ही तेरा जण करतो. तेवढ्या एका सभेला सगळे संचालक हजर होते. त्या सभेसाठी दोन गाड्या आल्या होत्या, जेवण होतं, आणि ज्याच्या नावानं ठराव झाला तो पुढं पंधरा दिवस गावात दिसला नाही, कुठल्यातरी देवदर्शनाला होता म्हणे. अनिष्ट तफावतीच्या सभेला कोरम भरायला मी दोन फोन केले होते.

अखेर २०२४च्या उन्हाळ्यात बेरजा जुळल्या. जुळल्या म्हणजे तफावत तफावतीच्या रकान्यात गेली. लपवता आली नाही. कंपनीच्या पोरानं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "गो-लाइव्ह झालं." भाऊसाहेबांनी जुन्या रोजकीर्दीत शेवटची नोंद लाल शाईनं केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली मात्र त्यांच्याच खिशात.

नव्या पद्धतीत रोज 'डे-एंड' करावा लागतो. आजचा दिवस बंद केल्याशिवाय उद्याचा उघडत नाही. वह्यांच्या काळात भाऊसाहेब चार गावांचा आठवडा रविवारी बसून लिहायचे. आता तसं चालत नाही. आणि आमच्याकडं दुपारी लाइट जाते, लाइट आली तर नेट नसतं. एकदा जुलैत आम्ही सहा दिवस १७ तारखेतच अडकलो होतो. बाहेर २३ तारीख, ऑफिसात १७. भाऊसाहेब म्हणाले, "बरं आहे, निवृत्ती लांबेल."

तरी एक गोष्ट मानावी लागेल. आता कुणीही येतो आणि खातेउतारा मागतो. पूर्वी 'माझं किती राहिलं' हे फक्त भाऊसाहेब सांगायचे आणि ते सांगतील तेच खरं. नवे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, आलेत, त्यात सोसायटीला पंचवीसहून जास्त धंदे करता येतात, जेनेरिक औषधांपासून पेट्रोल पंपापर्यंत. चेअरमननी पंपाचा विषय दोनदा काढला. मी म्हटलं, आधी गोदामाचे पत्रे.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. मारुतीच्या देवळात सतरंज्या, समोर साठ-सत्तर माणसं. ताळेबंद वाचताना भाऊसाहेब तफावतीच्या ओळीपाशी आले आणि थबकले. वही माझ्याकडं दिली. मी वाचलं, बारा लाख पंच्याहत्तर हजार पाचशे तीस. मग समजावून सांगितलं, व्याजाचं, खर्चाचं, गोदामाच्या उधारीचं. नावं घेतली नाहीत. मामा पहिल्या रांगेत बसले होते. उधारीचं बोलले तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मागून एकानं विचारलं, "हे माफीत बसतंय का?" नाही म्हटल्यावर कुजबुज झाली, आणि विषय पाणंद रस्त्यावर गेला.

सभा उठल्यावर पूर्वेच्या वाडीतल्या एक आजी थांबल्या होत्या. यादी घेऊन मी त्यांच्याकडं चार वेळा गेले होते. त्यांचे मालक वारून एकोणीस वर्षं झाली, नोंदवहीत ३०२ नंबरला ते अजून होते. त्यांचे पंचवीस शेअर्स, दोनशे पन्नास रुपये, आम्ही त्या महिन्याच्या सभेत आजींच्या नावावर केले होते. मी ऑफिस उघडलं आणि उतारा छापून दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी नावावर बोट ठेवायला सांगितलं, मी ठेवलं, मग त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं.

"म्हंजे आता मी सोसायटीची?"

"हो, आजी. सभासद."

"मग मला कर्ज मिळंल? पाइपलाइन फुटलीया."

मी स्क्रीनवर त्यांचा गट नंबर काढला. सातबाऱ्याला नाव दिराचं, वारसनोंद नाही. "आधी तलाठ्याकडं जावं लागेल."

"तिथं लय येळा गेले," त्या म्हणाल्या. उतारा चौघडी करून पिशवीत घातला. "तू येशील संगट?"

मंगळवारी जायचं ठरलं. त्या गेल्यावर मी डे-एंड दाबला. नेट नव्हतं.